डबा रिकामा जात नाही, पण त्याच पावली परतही जात नाही

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते बरंच मोठं असल्यामुळे त्यातला मुख्य भाग इथे देते.

«सप्रेम नमस्कार. गेल्या दिवाळीत तीन गोष्टी घडल्या. त्या आठवल्या की अजून कानकोंडं व्हायला होतं. धनत्रयोदशीला आम्ही घरी नसताना एक माणूस वॉचमनकडे मोठा बॉक्स ठेवून गेला. माझे यजमान सरकारी खात्यात अभियंता आहेत आणि बॉक्स त्यांच्या हाताखाली काम चालू असलेल्या एका कंत्राटदाराचा होता. वर सुकामेवा, खाली पाकीट. मी तो तसाच कपाटावर ठेवला. यजमान दौऱ्यावरून दोन दिवसांनी आले, रागावले, आणि मग तो परत गेला. पाडव्याला सकाळी साडेआठला समोरच्या बेन साल मुबारक करायला आल्या. आम्ही राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी काजू-बदामाचा डबा आणि १० ग्रॅमचं चांदीचं नाणं दिलं. माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. कपाटातला नव्या वाट्यांचा सेट काढून दिला. दुपारी आठवलं की त्या वाट्या नणंदेने वास्तुशांतीला दिल्या होत्या आणि आत तिची चिठ्ठी होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी घरच्या चकल्या घेऊन आल्या. मी लगेच दोनशे रुपये हातावर ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहरा उतरला. यंदा मला तयारीत राहायचं आहे. तीन हजार रुपयांच्या आत काय करून ठेवू? बेनना त्या नाण्याच्या तोडीचं काही द्यावं का? आणि नाण्यावर कर लागतो का, असं यजमान विचारतात.»

ताई, तुमच्या तिन्ही प्रसंगांत देण्याघेण्याची वेळ चुकली, एवढंच झालं. बेन आणि मावशी यांच्या बाबतीत थांबायला हवं होतं, तिथे तुम्ही घाई केलीत. बॉक्सच्या बाबतीत तासाभरात हालायला हवं होतं, तिथे दोन दिवस गेले. म्हणून आधी वेळेबद्दल सांगते आणि मग तीन हजारांबद्दल.

शेजारून आलेला फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे तुमच्या आईने आणि सासूबाईंनीही सांगितलं असेल. पण तो डबा आणणाऱ्याच्याच हाती भरून द्यायचा, असं त्या दोघींपैकी कुणीही सांगितलं नसेल. डबा आपल्याकडे राहतो, धुऊन ठेवला जातो, आणि चार-आठ दिवसांनी आपल्याकडे जे झालं असेल ते त्यातून जातं. काही नसलं तर मूठभर साखर किंवा दोन फळं जातात. मधले दिवस आपण देणेकरी असतो आणि त्यात कमीपणा वाटत नाही. उलट त्या दिवसांत दोन घरांचं एक काम शिल्लक राहतं, दार पुन्हा वाजवायला कारण मिळतं. तिथल्या तिथे काहीतरी हातात कोंबलं की ते कारण संपतं. समोरच्या माणसाला वाटतं, आपण ओझं टाकलं होतं आणि यांनी ते लगेच उतरवलं.

त्यामुळे अचानक कुणी भेट घेऊन दारात आलं, तर करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. दोन्ही हातांनी घ्या. «अहो, कशाला एवढं आणलंत!» हे आपल्या तोंडून निघतंच, एकदा म्हणायला हरकत नाही. तीनदा म्हटलं की आणणाऱ्याला ते खरं वाटायला लागतं. समोर उघडायचं नसेल तर टीपॉयवर किंवा चपलांच्या कपाटावर ठेवू नका, देवापुढे नेऊन ठेवा. आपल्याकडे भेटीचा मान राखण्याची ही सगळ्यात साधी रीत आहे आणि त्यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत. आलेल्याला बसवा, पाणी द्या, घरात जे गोड असेल ते बशीत द्या. एक लाडू पुरतो. उठताना म्हणा, «आमच्या घरचा फराळ द्यायला मी येते एक-दोन दिवसांत.» आणि त्या दिवशी एवढ्यावरच थांबा. मग ते एक-दोन दिवस मात्र पाळायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत गेलात तरी चालतं, त्यापुढे गेलं की विसरल्यात जमा होतं.

आता बेनबद्दल. नाण्याच्या तोडीचं काही देऊ नका. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी चांदी देणं हा त्यांच्याकडचा शकुन आहे, ती किंमत लावून घेण्याची वस्तू नाही. तुम्ही यंदा तेवढ्याच किमतीचं काही दिलंत तर पुढच्या वर्षी त्यांना वर चढावं लागेल, आणि तीन-चार वर्षांत दोन्ही घरांना दिवाळी जवळ आली की धास्ती वाटायला लागेल. तुम्ही मराठी घरातलं काही द्या. हाताने केलेले बेसनाचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा यांना बाजारभाव लावता येत नाही. तुलनाच होत नसल्यामुळे मोठ्या भेटीला उत्तर म्हणून घरची वस्तू शोभते.

पत्रात बेन जैन आहेत की वैष्णव, ते लिहिलेलं नाही. विचारून घ्या, विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. जैन असतील तर चिवड्यात लसूण-कांदा नको, बटाट्याचा कीस नको, लाडवावर चांदीचा वर्ख नको, आणि गोडात मध नको. बेसन, तूप, साखर, वेलची चालते. बरेच जण सूर्यास्तानंतर खात नाहीत, तेव्हा डबा सकाळीच न्या.

वाट्यांचं काय करायचं? चिठ्ठी त्यांनी वाचली आहे असंच धरून चाला. स्टीलच्या वाट्या वापरायला काढताना कागद हाती लागतोच. वर्षभर त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा आहे, पण तुमच्या मनात ते राहिलंय म्हणून एकदा बोलून टाका. दिवाळीच्या आधी बोला. सणाच्या दिवशी नको, आणि फराळ देतानाही नको. लिफ्टपाशी भेटलात तरी चालेल. «बेन, गेल्या वर्षी गडबडीत मी तुम्हाला माझ्या नणंदेकडून आलेल्या वाट्या दिल्या, आत तिची चिठ्ठीही राहिली. मला फार वाईट वाटलं. यंदा मी स्वतः केलेला फराळ आणणार आहे.» एवढीच तीन-चार वाक्यं. वाट्या परत मागायच्या नाहीत, बदली सेट द्यायचा नाही, लांबलचक स्पष्टीकरण द्यायचं नाही. नणंदेला आपणहून काही सांगायची गरज नाही. तिने वाट्या कुठे आहेत असं विचारलंच, तर खरं सांगा.

घरात आलेली वस्तू पुढे देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. एका घराला सहा सेट वाट्या लागत नाहीत. पण पुढे द्यायची असेल तर ती ज्या दिवशी घरात आली त्याच दिवशी ठरवा. वेष्टन पूर्ण उघडा, आतला प्रत्येक कप्पा बघा, चिठ्ठी, कार्ड, किमतीचं लेबल, दुकानाची पावती काढून टाका, भांड्याच्या बुडावर नाव कोरलेलं नाही ना ते बघा. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत अजून आहे आणि ते बुडाशी बारीक अक्षरात असतं. मग खोक्यावर पेन्सिलीने, कुणाकडून आणि केव्हा, असं लिहून ठेवा. देताना ते पुसायचं. या नोंदीमुळे वस्तू ज्यांच्याकडून आली त्यांच्याच नात्यागोत्यात परत जात नाही. नवं वेष्टन घालायचं ते शेवटी, द्यायच्या दिवशी.

खाण्याच्या वस्तूला मात्र हा नियम नाही. मिठाई वेष्टनात घालून भेट म्हणून पुढे सरकवू नका, उघडपणे वाटा. «आमच्याकडे आज चार डबे आलेत, मुलांना घ्या» असं म्हणून दिलेली मिठाई सगळ्यांना आवडते. तीच रंगीत कागदात गुंडाळून आठ दिवसांनी दिली की घेणाऱ्याला शिळी मिळते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मिठाया किती टिकतात याचं मार्गदर्शन दिलेलं आहे. कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाई-रबडी दोन दिवसांत, पेढे आणि खव्याची बर्फी चार दिवसांत, काजूकतली सात दिवसांत, बेसनाचा लाडू तीस दिवसांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने सुट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावायची असते, पण भेटीच्या डब्यावर ती असेलच असं नाही. म्हणून डबा आला की झाकणावर आलेली तारीख लिहा आणि खव्याचं आधी संपवा. फ्रिजमध्ये ठेवलेला पेढा दिसायला चांगला राहतो, पण आंबूस वास आला की तो टाकायचा. अक्रोड आणि पिस्ते उघड्या डब्यात खवट होतात. सुकामेवा हवाबंद बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलात तर संक्रांतीच्या तिळगुळातही वापरता येईल.

मावशींचा प्रसंग मला या तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेनना तुम्ही वाट्या दिल्यात, मावशींना पैसे दिलेत. या फरकाकडे तुम्ही स्वतः एकदा बघा. मावशी चकल्या विकायला आल्या नव्हत्या. त्यांनी दुसऱ्यांच्या घरची कामं उरकून, रात्री स्वतःच्या घरी भाजणी मळून त्या केल्या होत्या. भाजणीत उकळतं पाणी आणि मोहन घालायचं, पीठ कोमट असतानाच मळायचं, सोऱ्या फिरवून एकेक पाडायची, मध्यम आचेवर तळायची, अर्धा किलो भाजणीला दोन-अडीच तास सहज जातात. तुमच्यासाठी त्यातल्या त्यांनी निवडून, न मोडलेल्या आणल्या असणार. त्यावर दोनशे रुपये ठेवले की भेटीची मजुरी झाली.

अशा वेळी डबा हातात घ्या, उघडा, एक चकली तिथेच त्यांच्या समोर खा आणि जे खरं वाटेल ते बोला. «खुसखुशीत झाल्यात, तिखट किती घातलंत?» असं विचारलंत तरी पुरे. त्यांना बसवून चहा द्या. डबा ठेवून घ्या आणि दोन दिवसांनी तुमच्या लाडवांनी भरून द्या. तोही शेजाऱ्यांना द्याल तसाच, उरलेला-मोडलेला फराळ खाली घालून नव्हे. चेहरा उतरला त्याबद्दल वर्षाने माफी मागायची तर मावशींनाच अवघडल्यासारखं होईल. यंदा आधी तुम्ही त्यांच्या घरी फराळ पाठवा, त्यांना कळेल.

पैशांचा भाग वेगळा, आणि तो आधी उरकायचा. वर्षभर काम करणाऱ्यांना दिवाळीला एका महिन्याचा पगार जास्तीचा द्यायचा, अशी शहरात सर्वसाधारण रीत आहे. सहा महिने झाले असतील तर अर्धा. तो वसुबारसेच्या किमान आठ दिवस आधी द्या, म्हणजे त्यांना मुलांचे कपडे आणि किराणा गर्दी वाढायच्या आत घेता येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातून पैसे बाहेर द्यायचे नाहीत असं बऱ्याच घरांत मानतात, आणि मग ते पैसे भाऊबीजेनंतर हाती पडतात. तोवर सण संपलेला असतो. वॉचमन, कचरा नेणारे, पोस्टमन, पेपरवाला यांची पोस्तही याच सुमाराला वेगवेगळ्या पाकिटांत नावं घालून तयार ठेवा. ही रक्कम तुमच्या तीन हजारांत धरू नका. तो पगाराचाच भाग आहे. आणि जुनी साडी द्यायची असेल तर ती दिवाळीत देऊ नका. एरवी कधीही, विचारून, द्या.

आता तो बॉक्स. इथे मी आतापर्यंत सांगितलेलं सगळं उलटं लागू होतं. देवापुढे ठेवायचं नाही, बसवायचं नाही, थांबायचं नाही. ज्याचं बिल, मोजमाप किंवा परवानगी यजमानांच्या सहीवर अडलेली असते, त्याच्याकडून येणारी वस्तू ही भेट नसते, मग ती पाव किलो मिठाई का असेना. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेण्यावर जशी बंधनं आहेत, तशीच कुटुंबातल्या माणसाने त्याच्या वतीने घेण्यावरही आहेत. म्हणजे «मला माहीत नव्हतं, बायकोने घेतलं» हे उत्तर चालत नाही, आणि तुम्ही कपाटावर ठेवलेला बॉक्स त्यांनीच घेतल्यासारखा होतो. खाली पाकीट असेल तर प्रश्न वर्तणूक नियमांपुरताही राहत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

असा बॉक्स पुन्हा आला तर उघडू नका. वॉचमनकडेच असेल तर वर मागवू नका. बाहेरून फोटो काढा, त्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे. यजमानांना लगेच फोन करा, दौऱ्यावर असले तरी. त्यांनी पाठवणाऱ्याला स्वतःच्या फोनवरून लेखी निरोप पाठवायचा: «आपण आज घरी पाठवलेला बॉक्स मी स्वीकारू शकत नाही. तो न उघडता वॉचमनकडे ठेवला आहे, आज संध्याकाळपर्यंत घेऊन जावा. यापुढे घरी काहीही पाठवू नये.» बॉक्स घेऊन गेलेल्या माणसाचं नाव आणि वेळ गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. त्या दिवशी कुणी नेला नाही तर दुसऱ्या दिवशी यजमानांनी वरिष्ठांना लेखी कळवावं आणि त्याची पोच ठेवावी. «आपणच खाऊन टाकू» किंवा «अनाथाश्रमाला देऊन टाकू» हा मार्ग नको. पुढे दिलं तरी स्वीकारलं असाच अर्थ होतो.

यंदा हे टाळायला दोन कामं नवरात्रातच करा. ज्यांची कामं चालू आहेत त्या सगळ्यांना यजमानांनी एकच सभ्य निरोप पाठवावा की दिवाळीच्या शुभेच्छा फोनवर द्याव्यात, घरी किंवा कार्यालयात काही पाठवू नये. सगळ्यांना एकाच शब्दांत पाठवलं की कुणाला आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही. आणि वॉचमनला सांगून ठेवा की आम्ही घरी नसताना आमच्या नावाने काहीही ठेवून घ्यायचं नाही. गेटवर अ‍ॅप असेल तर त्यातही तशी सूचना घालता येते. गेल्या वर्षीचा बॉक्स परत केल्याचा काही निरोप, मेसेज असेल तर तो पुसू नका.

हीच सावधगिरी निनावी पार्सलबद्दल ठेवा. तुमच्यासाठी भेट आली आहे, आधी दीडशे रुपये भरा, किंवा फोनवर आलेला ओटीपी सांगा, असं कुणी म्हटलं तर दार लावून घ्या. भेट घेणाऱ्याला पैसे भरावे लागत नाहीत. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

नाण्यावरच्या कराचं उत्तर सोपं आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात आलेली रोख रक्कम, किंवा सोनं-चांदी-दागिने यांसारख्या वस्तूंची बाजारातली किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली तरच कर लागतो. मात्र ती वर गेली की फक्त वरच्या रकमेवर नाही, संपूर्ण रकमेवर लागतो. शेजारी आणि मित्र या हिशोबात नातेवाईक नाहीत. आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, दीर-नणंद, आत्या-मावशी-काका-मामा यांच्याकडून आलेल्याला ही मर्यादा नाही. मिठाई आणि कपडे यात मोजत नाहीत. तुमचं दहा ग्रॅमचं नाणं निश्चिंत ठेवा.

आता तीन हजार. तुमच्या इमारतीत एका मजल्यावर चार घरं आणि येणं-जाणं सुरू होऊन एक वर्ष, असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून अचानक येणारे सहा ते आठ जण धरा. फराळाची आठ पाकिटं करा, प्रत्येकात चार लाडू आणि सव्वाशे ग्रॅम चिवडा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि चारशे ग्रॅम पिठीसाखर यात पस्तीस ग्रॅमचे बत्तीस लाडू होतात. अर्धा किलो पातळ पोहे, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम डाळं, पाऊणशे ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप, पन्नास ग्रॅम काजू आणि फोडणीचं तेल मिळून साधारण किलोभर चिवडा होतो. खोक्यासकट एका पाकिटाला शंभरेक रुपये पडतात, म्हणजे आठशे.

लाडू द्यायचे असल्यामुळे त्यांचा आकार टिकला पाहिजे. बेसन मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाजा आणि पूर्ण कोमट झाल्यावरच साखर घाला. गरम बेसनात साखर वितळते, लाडू बसतो आणि खोक्यात चपटा होतो. वळल्यावर रात्रभर उघड्यावर ठेवून मग भरा. चिवडा तीन-चार तास परातीत पसरून गार करा, कोमट भरला तर पिशवीत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी तो मऊ पडतो. लाडू आणि चिवडा एकाच डब्यात मोकळे ठेवू नका, लाडवाला हिंग-कढीपत्त्याचा वास लागतो. चिवडा जाड पिशवीत बंद करून, लाडवांखाली बटर पेपर घालून, मग एका खोक्यात. पुठ्ठ्याला तुपाचे डाग पडले की नवा फराळही जुना दिसतो. करंज्या या पाकिटांत घालू नका. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या पंधरा दिवस टिकतात पण मोडतात, आणि ओल्या नारळाच्या दोन-तीन दिवसांत खराब होतात. हे सगळं वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी करून ठेवा.

ज्यांना फराळ चालत नाही, म्हणजे मधुमेह आहे, पथ्य आहे, किंवा घरात माणूस एकटाच आहे आणि डबे साठलेत, त्यांच्यासाठी टिकाऊ चार वस्तू ठेवा. प्रत्येकी अडीचशेपर्यंत. चांगल्या सुती नॅपकिनची जोडी, किंवा कुंडीसह तुळशीचं किंवा गवती चहाचं रोप. उटण्याचं पाकीट आणि मोती साबण स्वस्तात होतं, पण ते नरकचतुर्दशीच्या आत गेलं तरच त्याला अर्थ, म्हणून राखीव म्हणून ते ठेवू नका. सुगंधी मेणबत्त्या आणि शोभेच्या मूर्तीही नकोत. त्या घरोघर फिरतात. गणपती-लक्ष्मीची मूर्ती तर ना टाकता येते ना वापरता येते, घेणाऱ्यावर तिची जबाबदारी पडते.

दोन दिवाळी अंक नक्की घ्या. १९०९ पासून आपल्याकडे ही परंपरा आहे आणि भेट म्हणून इतकी बिनधोक वस्तू दुसरी नाही. कुणाची ऐपत दाखवत नाही, शिळा होत नाही, आणि वाचून झाल्यावर पुढे दिला तर कुणाला राग येत नाही. एकटे राहणारे आजी-आजोबा, मुलांचे शिक्षक, वर राहायला आलेलं नवं जोडपं, सगळ्यांना चालतो. दोन अंकांचे आठशे धरा. मुलांसाठी रंगांच्या दोन पेट्या, तीनशे. म्हणजे आठशे, हजार, आठशे, तीनशे मिळून एकोणतीसशे. उरलेल्या शंभरात पाकिटं आणि कागद.

यातलं काहीही आधी वेष्टनात घालू नका आणि त्यावर नावं घालू नका. एका कापडी पिशवीत किंवा कपाटाच्या एका कप्प्यात ठेवा आणि घरच्यांना सांगा की त्या कप्प्यातलंच द्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. शेजारी एक वही ठेवा. कुणाकडून, काय, केव्हा आलं, आणि आपल्याकडून काय गेलं, हे चार रकाने. किमतीचा रकाना घालू नका. तो घातला की पुढच्या वर्षी तेवढाच वाचला जातो. जे उरेल ते तुळशीच्या लग्नाला, नाताळला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघतं.

नाणं तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय असं लिहिलंय, ते मला फार आवडलं. यंदा लक्ष्मीपूजनाला ते चौरंगावर ठेवा. कोमट पाण्यात पातळ कापडाने पुसा, टूथपेस्टने किंवा खरखरीत ब्रशने घासू नका, वरची नक्षी झिजते. बेनच्या घरीही त्या संध्याकाळी पूजा असेल, म्हणून त्यांची वेळ विचारून त्यांना थोडं आधी किंवा नंतर पाच मिनिटं दर्शनाला बोलवा. नाण्याबद्दल तुम्हाला वेगळं काही बोलावं लागणार नाही, त्यांना ते तिथे दिसेल.